गजभियेसाहेब आणि बाहेर पडणारी माणसं

पिक्चर संपायच्या वेळेला थिएटरवर पोचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचं जग पिक्चर सुरू व्हायच्या वेळेला धावतपळत पोचतं आणि अंधारात दुसऱ्याच्या पायांवर पाय देत आपली खुर्ची शोधतं. गजभियेसाहेब शो सुटायच्या बेताला यायचे, पोस्टरकडे पाठ करायचे आणि बाहेर पडायच्या दाराशी हात मागे बांधून उभे राहायचे. आतून वऱ्हाड येणार असावं आणि हे मुलीकडचे असावेत, अशा आदराने.

दार उघडलं की माणसं बाहेर यायला लागत. साहेब त्यांची तोंडं पाहत. शेवटचा माणूस गेला की साहेब एक तर तिकिटाच्या खिडकीकडे वळत, नाही तर सरळ घरची वाट धरत. एवढंच त्यांचं चित्रपट-परीक्षण. ते चुकलेलं मी फक्त एकदा पाहिलं. त्या एकदाबद्दलच मला सांगायचं आहे, पण आधी साहेब नीट कळायला हवेत.

माझं सांगायचं तर मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार घेते. माहेर शनिवार पेठेतलं असल्यामुळे हेच काम मी नोकरी लागायच्या कितीतरी आधीपासून फुकट करत आले होते. सांगायचा मुद्दा, कोणाच्याही हुशारीने दिपून जाणाऱ्यांतली मी नव्हे.

आमचं लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. घरोघरी केबल नुकती आली होती, तरी रविवारी थिएटरला जायची पद्धत अजून शिल्लक होती. मी आणि आमचे हे तिकिटाच्या रांगेत उभे होतो. इतक्यात बाजूने एक सावळे, उंच, इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेले गृहस्थ आले आणि अगदी घरच्यासारखं म्हणाले, "वहिनी, घाई करू नका. थांबा, निघू द्या."

"काय निघू द्या?"

"माणसं. आतली माणसं निघू द्या. मग ठरवा."

न विचारता सल्ला देण्याचा हक्क पुण्यात फक्त पुणेकरांना आहे. मी आवाजात शक्य तेवढी साखर घालून विचारलं, "आपण वर्तमानपत्रात परीक्षणं लिहिता का?"

"नाही जी. मी पाटबंधारे खात्यात आहे."

उत्तर इतकं सरळ आलं की माझा टोमणा वाया गेला. टोमणा वाया जाण्याचं दुःख काय असतं ते पुण्याबाहेरच्यांना कळणार नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि साहेब हलक्या आवाजात सांगू लागले. "तो निळ्या शर्टवाला पाहा. किल्ली जिन्यावरच काढली. म्हणजे हा शेवटचा अर्धा तास मनाने पार्किंगमध्येच होता. ती बाई पोराला रागावून राहिली. पोरगं चांगलंच आहे, राग पिक्चरचा आहे. अन् ते दोघं पाहा, निघाल्याबरोबर बोलून राहिले. 'गाणी बरी आहेत' म्हणत असतील." 'गाणी बरी आहेत' हे त्यांनी अशा स्वरात म्हटलं, की रोग्याच्या नातेवाइकांनी काय ते समजून घ्यावं.

आम्ही अर्थातच तिकिटं काढली. मध्यंतरापूर्वीच आमचे हे झोपले. शो सुटला आणि मी जिन्याशी पोचले, तेव्हा आमच्या गाडीची किल्ली माझ्या हातात होती. मी ती चटकन पर्समध्ये टाकून इकडेतिकडे पाहिलं. साहेब केव्हाच निघून गेले होते.

पुढे काही वर्षांनी आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे इमारती कमी आणि खडीचे ढीग जास्त होते. सामान वर चढवत असताना समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि तेच गृहस्थ बाहेर आले. मला ओळखून म्हणाले, "कसा होता मग तो पिक्चर?" इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, "गाणी बरी होती." ते इतके मनापासून हसले की आमचा शेजार तिथेच पक्का झाला.

साहेब मूळचे नागपूरचे. बदली होऊन पुण्याला आले. बायको तिकडे शाळेत शिक्षिका, एकच मुलगी तिकडच्याच शाळेत, घरी म्हाताऱ्या सासूबाई. त्यामुळे कुटुंब नागपुरात आणि साहेब पुण्यात, हा तात्पुरता म्हणून केलेला बंदोबस्त कायमचा होऊन बसला होता. सगळं मात्र नीटनेटकं. समोरच्या खोलीत बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, खाली ताजी फुलं, कोपऱ्यात एक आरामखुर्ची. दुसरी खुर्ची कोणी आलं तरच आतून बाहेर यायची.

शेजार झाल्यावर मी त्यांच्याबरोबर दारापाशी उभी राहू लागले. आधी खोट काढायच्या उद्देशाने, मग नुसतीच थक्क होत. चांगल्या पिक्चरची माणसं हळू निघतात, हे त्यांनी मला दाखवलं. दारात अडखळतात, उन्हाकडे पाहून डोळे बारीक करतात, पण त्यांना ऊन दिसत नसतं. नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसतील आणि तरीही जवळून चालत असतील, तर डोळे मिटून तिकीट काढावं.

"आणि हसत निघाले तर?" मी विचारलं.

"कोण हसते ते पाहावं लागते जी. एकटा आलेला माणूस हसत निघाला, तर पिक्चर विनोदी. घोळका हसत निघाला, तर घोळका विनोदी."

एकदा एक चांगला सुटाबुटातला माणूस पार्किंगमध्ये स्कूटरींच्या रांगांतून फिरत होता. साहेबांनी माझ्या नवऱ्याचं मनगटच धरलं. "पाहा भाऊ, पाहा. गाडी कुठे लावली ते विसरला. अरे बाप्पा! काय पिक्चर असेल!"

"विसराळू असेल हो एखादा," आमचे हे म्हणाले.

"एक असेल. पण तिकडे पाहा, त्या बाई दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावून राहिल्या." आणि साहेब जवळजवळ पळतच खिडकीकडे गेले. तो पिक्चर अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मी एकटीने हा प्रयोग करून पाहिला. मला नुसती गर्दी दिसली. गर्दीत माणूस दिसायला वेगळी नजर लागते, ती मला नाही, आणि हे कबूल करताना मला मुळीच वाईट वाटत नाही. गवयाच्या गळ्यापुढे आपण मान डोलावतो, तशी मी साहेबांच्या नजरेपुढे डोलावत असे.

वर्तमानपत्रात परीक्षणाखाली छापतात त्या ताऱ्यांवर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. "धरणात किती पाणी आलं ते आभाळाकडे पाहून कळते का वहिनी? पाणी कुठवर चढलं ते भिंतीवर पाहावं लागते. पिक्चर काय आहे ते पडद्यावर कळत नाही. तो माणसात किती चढला ते पाहा."

हाच नियम मग सगळीकडे. नवा दातांचा डॉक्टर आला, साहेब दवाखान्यासमोर उभे. लग्नाला गेले तर पहिली पंगत उठताना पाहायला मांडवाच्या दारात. सोसायटीची सर्वसाधारण सभा असली तर आत न जाता जिन्याखाली थांबत आणि वरून उतरणाऱ्यांच्या तोंडांवरून लिफ्टचं काय झालं ते अचूक सांगत. कोणी घाई केली की त्यांचं ठरलेलं होतं, "थांबा, निघू द्या."

एकदा मी विचारलं, "साहेब, नागपुरातही हेच करत होता?"

"छे. तिकडे गरज नव्हती. तिकडे माणूस चौकातच सगळं सांगून टाकते. पुण्यात माणसाचं तोंड म्हणजे बंद दार. राग नका मानू. पिक्चरमधून निघाल्यावर तेवढी दोन मिनिटं ते दार उघडं राहते."

माझ्या माहेरच्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी तो आजार समजून डॉक्टर बोलावला असता.

मग मल्टिप्लेक्स आली. नगर रस्त्यावर मॉल उभे राहिले, आम्हा आयटीवाल्यांना शनिवारी जायला जागा झाली आणि साहेबांची विद्या अडचणीत आली. आता माणसं पिक्चरमधून निघून उन्हात येत नव्हती. एका थंडगार बोळातून सरकत्या जिन्यावर आणि तिथून थेट बुटांच्या दुकानासमोर. चार पडद्यांची माणसं एकाच दारातून. कोण कशाला रडतंय, काही पत्ता नाही. साहेबांनी तरीही चिकाटी सोडली नाही. बोळाच्या तोंडाशी उभं राहून ते पडद्यांप्रमाणे माणसं वेगळी करायला शिकले. पण त्यांना खरं हरवलं ते मोबाइलने.

"निघाल्याबरोबर खाली पाहतात वहिनी," ते एकदा अतिशय थकून म्हणाले. "दारातून पाय बाहेर पडत नाही तर फोन हातात. त्याचा उजेड तोंडावर पडते, अन् त्या उजेडात सगळी तोंडं सारखीच. चांगला पिक्चर असो की वाईट. एखादाच असतो जो फोन काढत नाही. त्याच्या एकट्याच्या भरवशावर किती तिकिटं काढावीत?" त्यांनी शेवटचा नियम केला: ज्या पिक्चरची माणसं निघताना फोन विसरतात तो पाहण्यासारखा, बाकी सगळे वाया. या नियमात काही बसेना. निवृत्तीनंतर त्यांचं थिएटरवर जाणं जवळजवळ बंदच झालं.

या सुमारास त्यांची मुलगी संघमित्रा, घरातली मितू, त्यांच्याबरोबर राहत होती. इंजिनीअरिंगला पुण्यात आली, मग नोकरीही इथेच लागली, माझ्याच कंपनीत. बाप-लेक एका घरात, पण पाहुण्यासारखे. "चहा घेणार?" "घेतो." "पंखा लावू?" "लाव." लहानपण फोनवर गेलेल्या मुलीशी समोरासमोर काय बोलायचं ते साहेबांना माहीत नव्हतं, आणि तिलाही.

एक दिवस मितूने नोकरी सोडली. पिक्चर काढणार म्हणाली. सोसायटीत हाहाकार झाला, कारण तिथे नोकरी सोडायची ती फक्त दुसरी लागल्यावर. सगळे साहेबांच्या तोंडाकडे पाहू लागले. साहेब म्हणाले, "थांबा, निघू द्या." मितूला हे लागलं. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "काकू, बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. जगातल्या सगळ्या पिक्चरबद्दल सांगतात, पण मला एक शब्द नाही. मला बाकी कोणाचं काही नको. बाबांनी फक्त सांगावं, पाहण्यासारखा आहे की नाही."

दोनेक वर्षं ती राबली. मित्रमैत्रिणींना हाताशी धरून, उसन्या कॅमेऱ्यावर, सुट्ट्यांच्या दिवशी. अखेर पिक्चर झाला आणि एका रविवारी सकाळी मॉलमधला एक लहान पडदा तिला मिळाला. ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असं बऱ्यापैकी सभागृह भरलं. मितूने स्वतःशेजारच्या खुर्चीवर ओढणी टाकून ठेवली होती. "बाबा येतायत. म्हणाले, तू हो पुढे." मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसले. दिवे गेले. ओढणी खुर्चीवरच राहिली.

पिक्चरमध्ये म्हटलं तर काहीच घडत नाही. एका लहान मुलीचे वडील नोकरीसाठी लांब गेलेले असतात. दर रविवारी सकाळी ते शेजारच्या काकूंकडे फोन करतात. मुलगी आठवडाभर त्यांना सांगायला गमती गोळा करते. बस, एवढंच. अंधारात माझ्या मागच्या रांगेतून नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले, आणि टेस्टिंगमधल्या माझ्यासारख्या बाईला त्या पिक्चरमध्ये एक खोट सापडली नाही. खरं म्हणजे शोधायचीच राहिली.

बाहेर पडले आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे शनिवार पेठेत आमच्या वडिलांना फोन लावला. माझ्या आजूबाजूला सगळे तेच करत होते. पलीकडून वडील ओरडत होते, "कोण गेलं? सकाळच्या पारी फोन कशाला?" मी म्हटलं, "कोणी गेलं नाही हो. सहज केला." ते म्हणाले, "सहज फोन करण्याइतकी तू कधीपासून रिकामी झालीस?" आणि तरीही त्यांनी फोन ठेवला नाही. एवढ्यात समोर दाराच्या बाजूला, हात मागे बांधून उभे असलेले साहेब दिसले.

त्यांचं तोंड उतरलं होतं. माझ्या कानाशी असलेल्या फोनकडे पाहून ते म्हणाले, "तुम्ही पण, वहिनी?"

"साहेब, तुम्ही आत का नाही आलात?"

"गेलं जी," ते म्हणाले. "पोरीचा पिक्चर गेला. पहिला माणूस निघाला तो फोन काढूनच. म्हटलं, एखादा असतो. मग दुसरा, तिसरा, सगळेच. ती म्हातारी बाई पाहा, चष्मा कपाळावर घेऊन नंबर दाबून राहिली. तिला एवढी घाई! मितूला काय सांगू मी आता? काय तोंडाने सांगू?"

मी वडिलांना "पुन्हा करते" म्हटलं आणि साहेबांचा हात धरला. इतक्या वर्षांत कधी धरला नव्हता. "नुसतं पाहू नका. जरा ऐका."

दाढीवाला एक मुलगा भिंतीकडे तोंड करून बोलत होता. "नाही पप्पा, काही नको. असाच केला. हो, जेवतो वेळेवर." पलीकडे एक मुलगी म्हणत होती, "बाबा, तुम्ही काय करत होता आत्ता? नाही, सांगा ना, काय करत होता?" आणि ती म्हातारी बाई फोन दोन्ही हातांनी धरून मोठ्याने म्हणाली, "हॅलो, मी आई बोलतेय. ऐकू येतंय का रे?"

साहेब ऐकत राहिले.

"हे सगळे कोणाला फोन लावून राहिले?"

"ज्याच्या त्याच्या घरी."

"काहून?"

"ते आत आला असतात तर कळलं असतं," मी म्हटलं. चांगलं बोलायच्या वेळीसुद्धा माझ्या तोंडून हेच निघतं.

मागून मितू आली. ओढणी हातात गोळा केलेली होती. "बाबा, तुम्ही आत नव्हता."

"नाही. म्हटलं आधी माणसं पाहू. मग पुढच्या शोला निवांत बसू."

"पुढचा शो नाहीये बाबा. हा एकच होता."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. आत सफाईवाले पॉपकॉर्न झाडत होते. आयुष्यभर जो माणूस दुसऱ्यांना थांबवत आला, त्याच्या मनात पुढचा शो नसूही शकतो असं कधी आलं नव्हतं.

"मी मुद्दाम नाही आलो आत," ते हळू म्हणाले. "तुझा पिक्चर आहे. मला चांगलाच वाटला असता. मग तू विचारलं असतंस तर ते खरं कसं झालं असतं? म्हणून म्हटलं, परक्या माणसांची तोंडं पाहून सांगू. खरं सांगू."

मितूच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. "घरी लॅपटॉपवर दाखवते तुम्हाला."

"दाखवशील. पण तुझ्या बाजूच्या खुर्चीवरून पाहायचा राहिला ना." त्यांनी बोळातल्या बाकाकडे बोट केलं. "तोवर सांग. काय आहे त्याच्यात?"

दोघं बाकावर बसली. मितू सांगू लागली. मुलगी, शेजारच्या काकू, काळा फोन, रविवारची सकाळ. साहेबांना कळायला वेळ लागला नाही. ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते.

"आणि शेवटी?"

"शेवटी ती सगळ्या गमती सांगते. बाबा हसतात. ती फोन ठेवते आणि काकूंच्या मोरीत जाऊन रडते. तोंड धुते आणि घरी जाते. दर रविवारी."

साहेबांनी तिच्या हातातल्या ओढणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण तू तर हसत होतीस फोनवर."

"फोन ठेवेपर्यंत."

त्यांनी मान हलवली. "मी पण ठेवेपर्यंतच. फोनच्या बूथमधून निघालो की खोलीवर जाववत नव्हतं. समोरच थिएटर होतं, शो सुटत होता. तिथे जाऊन उभा राहायचो. एवढी माणसं एकदम समोरून यायची, कोणी हसत, कोणी डोळे पुसत. वाटायचं, यातलं कोणीतरी आपल्याकडेच येऊन राहिलं."

मितूने ओढणी मांडीवर ठेवली आणि त्यांच्या जवळ सरकली. मी पर्स उचलून सरकत्या जिन्याकडे निघाले. मागून साहेबांचा आवाज आला, "अन् ती गणिताच्या बाईंची गंमत? ती घेतली का पिक्चरमध्ये? सांग ना, पुन्हा सांग."